उतू जाण्याआधी

रेडिओचे सेल उतरले की ते गच्चीवर नाहीतर अंगणातल्या दगडावर उन्हात ठेवायचे, ही आपल्या घरांतली जुनी युक्ती. दोन तास तापले की ते जाडजूड सेल रात्रीच्या बातम्यांपुरता जीव धरत. उरलेला एखादा सेल सदऱ्याच्या खिशात चिल्लर आणि किल्ल्यांबरोबर पडून असे, नाहीतर खिळ्यांच्या डब्यात महिनोन्महिने राही, आणि फार तर फुटून चिकट पाणी सोडी. जस्त आणि कार्बनच्या त्या सेलने तीन पिढ्यांच्या हाताला एक बेफिकिरी शिकवली. त्या सेलपुरती ती चालून गेली.

आता त्याच घाटाचा, थोडा सडपातळ, बोटभर लांबीचा दुसरा सेल घराघरांत आला आहे. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचा शून्य दंडगोल आकारासाठी. म्हणून त्याला १८६५० म्हणतात. वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम. लॅपटॉप, पॉवर बँक, टॉर्च, विजेवरच्या स्कूटरची बॅटरी, अशा अनेक ठिकाणी तो आत दडलेला असतो. युरोप-अमेरिकेत मात्र एका वस्तूने हा सेल सामान्य माणसाच्या हातात सुटा, उघडा आणून दिला. ती म्हणजे ई-सिगारेट. या प्रकरणात तिच्याच बॅटरीबद्दल लिहितो आहे, कारण घरच्या चार्जिंगमध्ये काय काय चुकू शकतं याचा बराच हिशेब तिच्या निमित्ताने नोंदला गेला.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. भारतात १८ सप्टेंबर २०१९च्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. इथल्या घरात ही वस्तू असू नये. पण लेस्टरमध्ये शिकणाऱ्या मुलाच्या दप्तरात, न्यू जर्सीतल्या घराच्या तळमजल्यावर, मेलबर्नच्या भाड्याच्या खोलीत ती असू शकते, आणि तिच्याशेजारी झोपणारी माणसं मराठी असू शकतात. ती ओढणं फुप्फुसांना आणि मेंदूला काय करतं, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. इथे प्रश्न एवढाच: ती चार्जिंगला लावलेली असताना घर सुरक्षित कसं राहील?

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या आठ वर्षांत ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना मोजल्या. १३३ माणसं जखमी झाली, त्यांतली ३८ गंभीर. ६१ वेळा उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता, ६० वेळा माणूस ते ओढत होता, ४८ वेळा ते चार्जिंगला लावलेलं होतं. याच खात्याचा २०१४चा आधीचा अहवाल पाहिला, तर तेव्हाच्या २५ घटनांपैकी तब्बल ८० टक्के चार्जिंगच्या वेळच्या होत्या. ते प्रमाण नंतर बदललं, कारण उपकरणं बदलली आणि सुटे सेल खिशात फिरू लागले. मृत्यूही झाले. २०१८मध्ये फ्लोरिडात आणि २०१९च्या जानेवारीत टेक्सासमध्ये ई-सिगारेटच्या स्फोटाने एकेक माणूस गेला.

फोनची बॅटरी बिघडली तर ती बहुधा फुगते, धूर सोडते, जळते. ई-सिगारेट मात्र उडते. अहवालाने त्याचं कारण सरळ सांगितलं आहे. सेल लांबट नळीसारखा, उपकरणही नळीसारखं आणि धातूचं. आत दाब वाढला की सेलचा सर्वात कच्चा भाग, म्हणजे टोकाची सीलबंद कड, आधी तुटतो. सगळा दाब एका दिशेने बाहेर पडतो आणि उरलेली नळी दिवाळीतल्या बाणासारखी सुटते. त्या बाणाच्या टोकाशी कधी ओढणाऱ्याचा चेहरा असतो, कधी खोलीतला पडदा.

हे का होतं, ते समजायला सेलच्या आत डोकवावं लागेल. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा लेप, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्ट, निकेल, मँगनीज अशा धातूंच्या ऑक्साइडचा लेप, आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा. हा पडदा आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. तिघांची एकत्र गुंडाळी करून, सुरळीच्या वडीसारखी, ती पत्र्याच्या डबीत बसवतात आणि वर ज्वालाग्राही द्रव ओततात. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून पडद्यातून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरताना परत येतात. एवढाच येण्याजाण्याचा खेळ.

या रचनेमागे सुरक्षिततेचीच धडपड होती. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी बनवलेल्या बॅटरीत शुद्ध लिथियम धातू होता. ती चालायची, पण पेटायची. १९८०मध्ये जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डला कोबाल्ट ऑक्साइडचं टोक शोधलं. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५च्या सुमाराला धातूच्या जागी कार्बन वापरला आणि मग, स्फोटकं तपासण्याची जागा मागून घेऊन, आपल्या बॅटरीवर लोखंडाचा मोठा तुकडा उंचावरून टाकला. काही झालं नाही. शुद्ध लिथियमच्या बॅटरीवर तोच तुकडा टाकला तर जबर स्फोट झाला. सोनीने १९९१मध्ये ही बॅटरी बाजारात आणली, आणि २०१९मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लोखंडाच्या त्या तुकड्याची गोष्ट मला त्या पारितोषिकाहून मोठी वाटते. आपल्या हातातला सेल जन्माला आला तोच या परीक्षेतून, आणि नीट वागवला तर तो बिनघोर वर्षानुवर्षं चालतो.

नीट म्हणजे काय, ते एका आकड्यावर येऊन ठरतं. नेहमीच्या लिथियम-आयन सेलसाठी तो आकडा ४.२ व्होल्ट. ही भरल्याची खूण. यात वर-खाली सूट जेमतेम ०.०५ व्होल्टची. त्यापलीकडे रेटत गेलं की ऑक्साइडच्या टोकातून नको तेवढं लिथियम निघून ते टोक डळमळीत होतं. ग्राफाइटमध्ये जागा उरत नाही, तेव्हा येणारं लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं, म्हणजे योशिनोंनी जी गोष्ट सेलमधून काढून टाकली तीच आपण घरी बसून परत आत आणतो. साचलेल्या धातूला सुईसारखे कोंब फुटतात. एखादा कोंब पडद्यातून आरपार गेला, की दोन्ही बाजू आतल्या आत शॉर्ट होतात.

चांगला चार्जर घागर भरणाऱ्या हातासारखा वागतो. आधी नळ पूर्ण सोडलेला, म्हणजे ठरावीक ॲम्पिअरचा एकसारखा प्रवाह. पाणी काठाशी आलं, ४.२ व्होल्ट झाले, की व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी, आणि थेंबावर आला की बंद. हे काम करणारी चकती म्हणजे चार्जिंग सर्किट. ती कधी उपकरणात असते, कधी चार्जरमध्ये, आणि स्वस्तातल्या मालात कधी कुठेच नसते.

ई-सिगारेटच्या सुरुवातीच्या काळातला घोटाळा इथलाच. पेनसारख्या बॅटऱ्यांना आटे असत, आणि त्यांत यूएसबीला लावायचा छोटा चार्जर पिळून बसवायचा. बऱ्याच कंपन्यांनी एकाच मापाचे आटे वापरले. त्यामुळे एकीचा चार्जर दुसरीच्या बॅटरीत सहज बसे, पण एकीने सर्किट चार्जरच्या डोक्यात ठेवलेलं, दुसरीने बॅटरीत, आणि दोन्ही नसलेल्या जागी भेटले की सेलला आवर घालणारं कोणी उरत नसे. आटे जुळले म्हणून वीज जुळत नाही. उपकरणासोबत आलेलाच चार्जर आणि तीच केबल वापरायची, हा पुस्तिकेतला कंटाळवाणा नियम या अनुभवातून आला आहे.

आजच्या उपकरणांना बहुधा यूएसबी-सीचं तोंड असतं, आणि फोनचा जोरदार चार्जर त्यात सहज बसतो. नियमाने बनलेला चार्जर समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय पाच व्होल्टच्या वर जात नाही. पण स्वस्त उपकरण, स्वस्त केबल आणि स्वस्त चार्जर तिघेही नियमाने बनलेले असतील, याची हमी कोण देणार? उपकरणावर पाच व्होल्ट, एक ॲम्पिअर असं लिहिलेलं असेल, तर तेवढंच देणारा साधा चार्जर घ्यावा. अर्धा तास जास्त लागेल. लागू दे.

सुट्या सेलची काळजी याहून बारीक आहे. १८६५०ची सबंध डबी ऋण टोक असते. तळच नव्हे, सगळी बाजू, आणि वर धन टोकाच्या बटणाभोवतीची कडसुद्धा. धन आणि ऋण यांच्यात तिथे फक्त एक कागदी चकती आणि बाहेरचं पातळ प्लास्टिकचं वेष्टन. ते वेष्टन किंचित फाटलं, तरी सेलच्या खांद्यापाशी एक नाणं दोन्ही टोकांना एकदम टेकू शकतं. खिशातल्या त्या ६१ घटनांकडे या नजरेने पाहा. जुन्या सेलचं ऋण टोक तळाशी असायचं, म्हणून आपल्या हाताला बाजूच्या पत्र्याची भीती ठाऊकच नाही. वेष्टन फाटलेला, पोचा पडलेला, गळणारा सेल चार्जरमध्ये घालू नये, आणि एकही सुटा सेल प्लास्टिकच्या डबीशिवाय खिशात किंवा पर्समध्ये जाऊ नये. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तर २०२१मध्ये लोकांना सुटे १८६५० विकत घेऊच नका, वापरूच नका, असं बजावलं. कारखाने हे सेल बनवतात ते संरक्षक सर्किटसह बॅटरीपॅकमध्ये जडवण्यासाठी.

सुट्या सेलच्या बाजारात फसवणूकही उघड चालते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल नवं वेष्टन घालून विकले जातात, आणि वर ९,९०० मिलीॲम्पिअर-तास असे आकडे छापलेले असतात. या आकाराच्या चांगल्या सेलची मजल ३,५०० च्या आसपास असते. नऊ हजारांचा आकडा दिसला की तो सेल तिथेच ठेवून द्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टॉर्चसाठी सेल घेणाऱ्यालाही हे तितकंच लागू आहे.

दोन सेल एकदम लागणाऱ्या उपकरणात जोडी पहिल्या दिवशी ठरवावी आणि ती फोडू नये. दोन्ही एका कंपनीचे, एका वयाचे, एकत्रच चार्ज होणारे. एक थकलेला आणि एक ताजा असे बैल एका जुवाला जुंपले, की थकलेला आधी रिकामा होतो आणि ताजा त्याला आणखी ओढत नेतो. अडीच व्होल्टच्याही खाली खेचलेला सेल आतून बिघडतो. तो पुन्हा चार्जिंगला लावला की धोका खरा सुरू होतो. कपाटात वर्षभर रिकामा पडलेला सेल ‘बघू या उठतो का’ म्हणून चार्जरमध्ये घालणारे उत्साही लोक मला भेटले आहेत. उन्हात ठेवून रेडिओचा सेल उठवणारा हात तो हाच.

हवेचाही विचार करावा. शून्य अंशाच्या खाली थंडगार झालेला सेल चार्ज केला, तर लिथियम ग्राफाइटमध्ये शिरायला वेळ लावतं आणि बाहेरच धातू होऊन साचतं. वर दिसत काहीच नाही. टोरांटोत किंवा शिकागोत रात्रभर गाडीत राहिलेलं उपकरण घरात आणून तासभर खोलीच्या उबेत येऊ द्यावं, मग चार्जिंगला लावावं. आपल्याकडे संकट उलट्या बाजूने येतं. बहुतेक सेलना चार्जिंगसाठी ४५ अंश ही वरची मर्यादा असते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याची हवाच तिथे पोचते, आणि उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ती केव्हाच ओलांडलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जागा आणि वेळ. ३,००० मिलीॲम्पिअर-तासांच्या एका सेलमध्ये सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा असते. एका छोट्या कपाचं पाणी उकळायला पुरेल एवढी. फार नाही. पण ती किती वेळात सुटते, यावर सगळं ठरतं. बिघडलेला सेल तापत जातो. ८० ते १२० अंशांच्या दरम्यान ग्राफाइटवरचा संरक्षक थर तुटू लागतो आणि त्या तुटण्यातून आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास पडदा वितळायला लागतो. दोनशेच्या घरात ऑक्साइड प्राणवायू सोडू लागतं, आणि मग पेटायला बाहेरच्या हवेचीही गरज उरत नाही. दूध उतू जाताना असंच होतं. पातेलं बराच वेळ शांत असतं, कडेला बुडबुडे येतात, साय हलते, आणि शेवटचे काही क्षण आपण धावेपर्यंत उरत नाहीत. म्हणून दूध गॅसवर ठेवून कोणी झोपायला जात नाही. लिथियमचा सेल चार्जिंगला लावून मात्र आपण रोज झोपतो.

ई-सिगारेट असो की सुटा सेल, तो जागेपणी, डोळ्यांसमोर चार्ज करावा. खाली फरशी, कडप्पा किंवा चिनी मातीची ताटली असावी. गादी, उशी, सोफा, पेपरची रद्दी नको. मऊ गोष्टी जळतात हे एक, आणि त्या उष्णता कोंडून ठेवतात हे दुसरं. बाहेर जायच्या दाराच्या वाटेत चार्जिंग नको, कारण आग लागलीच तर तीच आपली पळायची वाट असते. पूर्ण भरला की काढावा. बोटाला कोमट लागला तर ठीक; धरवत नाही इतका गरम झाला, फुगला, गोडसर औषधी वास आला किंवा सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला, तर स्विच बंद करून लांब व्हावं.

पेटलाच तर काय करायचं, याबद्दल लोकांच्या मनात एक गैरसमज घट्ट बसला आहे: लिथियमवर पाणी टाकायचं नाही. शुद्ध लिथियम धातूसाठी ते खरं आहे. लिथियम-आयनच्या छोट्या बॅटरीसाठी पाणीच उपयोगी, कारण गरज थंड करण्याची असते; विमानातही पेटलेला फोन किंवा लॅपटॉप विझवून त्यावर पाणी ओतत राहायला सांगतात. घरात मात्र आधी मेन स्विच बंद, मगच पाणी, आणि तेही आग हातभर असेल तरच. या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतं, ते फुप्फुस जाळतं. खोली धुराने भरू लागली की वस्तू वाचवायच्या नाहीत, माणसं बाहेर काढायची, दार ओढून घ्यायचं आणि फोन करायचा. भारतात ११२ किंवा १०१, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११. विझलेला सेल काही तासांनीही पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो घरात परत आणू नये.

ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटवर १ जून २०२५पासून बंदी आली, तरी ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या असतीलच. त्यांच्यातही खरा, पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल असतो. लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा असे सेल शेकडो वेळा चार्ज होऊ शकले. एवढी चांगली वस्तू एका वापरात कचऱ्यात जाते याची हळहळ मलाही वाटते. पण ती पक्कडीने फोडून, आतल्या सेलला तारा लावून स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्ज करणं म्हणजे वर सांगितलेली प्रत्येक चूक एका बैठकीत करणं. ती न फोडता, आहे तशीच संकलनाला द्यावी; सुटा सेल असेल तर टोकांना चिकटपट्टी लावून तो बॅटरीच्या संकलनपेटीत द्यावा. घरच्या कचऱ्यात टाकला तर पुढे कचऱ्याच्या गाडीत तो चिरडला जातो आणि तिथे पेटतो.

हे सगळं दूरच्या देशातलं वाटत असेल, तर वसईकडे वळू. सप्टेंबर २०२२मध्ये तिथल्या एका घरात विजेवरच्या स्कूटरची बॅटरी काढून आणून रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. ई-सिगारेटमध्ये सेल एक किंवा दोन. स्कूटरच्या बॅटरीत अनेकदा त्याच घराण्याचे शेकडो. एकाने पेट घेतला की तो शेजारच्याला तापवतो. त्या वर्षातल्या आगींनंतर केंद्र सरकारने अशा बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक केलं आणि डिसेंबर २०२२पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झालं. त्याआधी घेतलेल्या, अपघातात आदळलेल्या, पुराच्या पाण्यात भिजलेल्या किंवा गल्लीत दुरुस्त करून घेतलेल्या बॅटऱ्या मात्र अजून घरांत आहेत.

आपल्या गॅसच्या शेगडीबाबत आपण शिस्त शिकलो. रात्री रेग्युलेटर बंद करायचा, वास आला तर दिवा लावायचा नाही, हे घरातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. तशीच एक फेरी आज झोपण्याआधी मारा. उशीखालचा फोन काढा, गादीवरची पॉवर बँक खाली फरशीवर ठेवा, आणि स्कूटरची बॅटरी हॉलमध्ये दाराशी चार्जिंगला लावलेली असेल तर बटण बंद करून ती काढून ठेवा. उरलेली सकाळी, सगळे जागे असताना, चार्ज होईल.